पिल्लाचे डोळे चिकटले तर...

मार्च-एप्रिल उजाडला, ऊन तापू लागले की आमच्या देवगाव फाट्यावर घरोघरी एक बातमी हमखास येते. कुणाच्या कडब्याच्या गंजीत, कुणाच्या लोखंडी पेटीमागे, तर कुणाच्या जुन्या गाद्यांच्या ढिगात मांजर व्यालेली असते. मोठी माणसे सांगतात, "हात लावू नका, ती पिल्लांना सात घरे फिरवील." मुले मात्र दिवसातून दहा वेळा डोकावून येतातच.

आपल्या घरांत मांजराला मोकळीक जरा जास्तच असते. ती मुसल्ल्याच्या कडेने जाते, दस्तरखानाजवळ येऊन बसते आणि तिला कुणी हाकलत नाही. यामागे ह. अबू कतादा (रजि.) यांची हदीस आहे. त्यांच्यासाठी वुजूचे पाणी काढून ठेवले होते. मांजर आली, तेव्हा तिला पिता यावे म्हणून त्यांनी भांडेच कलते धरले. सून नवलाने पाहू लागली. तेव्हा त्यांनी तिला प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सांगितली की, मांजर नापाक नाही, ती आपल्या घरात वावरणाऱ्यांपैकीच आहे. ही हदीस आपल्या घरांतल्या बहुतेक बायकांना माहीत असते. पण जी घरात वावरते, ती आजारी पडली तर काय करायचे, याबद्दल आपण फारसे बोलत नाही.

दरवर्षी या दिवसांत वर्गातली दोन-तीन मुले तरी माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात. "आपा, बिल्ली के बच्चे की आँखाँ चिपक गये, क्या डालूँ?" पालकसभेला आलेल्या मातासुद्धा निघता निघता हेच विचारतात. प्रत्येकाच्या प्रश्नात "काय घालू?" हे असतेच. आधी विचारायला हवे ते हे की, हे घरी थांबण्यासारखे आहे की डॉक्टरकडे नेण्यासारखे? पिल्लाच्या डोळ्याच्या बाबतीत एक-दोन दिवसांचा उशीरही फार महाग पडतो. म्हणून या महिन्याचा लेख याच विषयावर.

पिल्लाचा डोळा उघडतो कधी?

मांजराचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या पापण्या मिटलेल्या असतात. वजन साधारण शंभर ग्रॅम. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पापण्या आपोआप उघडतात. कधी एक डोळा आधी आणि दुसरा एक-दोन दिवसांनी. त्या वेळी सगळ्याच पिल्लांचे डोळे निळसर दिसतात, त्यात काळजीचे काही नाही. खरा रंग पुढच्या काही आठवड्यांत येतो. मिटलेल्या पापण्या बोटांनी ओढून उघडण्याचा खटाटोप कुणीही करू नये.

पण इथेच एक धोका दडलेला असतो. पापण्या अजून मिटलेल्या असतानाच आत जंतूंचा संसर्ग होऊ शकतो. बाहेर यायला वाट नसल्याने पू आतच साठतो. बाहेरून पाहताना मिटलेला डोळा फुगलेला, टपोरा दिसतो. कधी कोपऱ्यातून पिवळा थेंब येतो. घरातले म्हणतात, "अजून डोळे उघडायचे आहेत, उघडले की बरे होईल." तसे होत नाही. आत कोंडलेला पू डोळ्याचा नाश करतो. मिटलेला डोळा फुगलेला दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचे, दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

डोळ्यांत घाण का येते?

झोपून उठल्यावर कोपऱ्यात तपकिरी रंगाचे बारीकसे चिपाड असणे हे माणसासारखेच मांजरातही नेहमीचे आहे. पुसले की गेले, दिवसभर पुन्हा आले नाही, डोळा स्वच्छ उघडा आहे, तर विसरून जा.

चुलीचा धूर, वावटळीची धूळ, कडब्याची कुसळे यांनीही डोळ्यांतून पाणी येते. धुराजवळून पिल्लांची जागा हलवली की ते थांबते. कुसळ डोळ्यात अडकले असेल तर मात्र एकच डोळा मिटलेला राहतो आणि पिल्लू पंजाने तो सारखा चोळते. असे कुसळ घरी काढायला जाऊ नये.

पण पिल्लांच्या डोळ्यांतून येणाऱ्या घाणीचे सर्वांत मोठे कारण म्हणजे मांजरांची सर्दी. ती प्रामुख्याने दोन विषाणूंमुळे होते. एक मांजरांचा हर्पीस विषाणू आणि दुसरा कॅलिसी विषाणू. पिल्लू शिंकते, नाक वाहते, दोन्ही डोळे लाल होऊन पाणावतात. त्यावर दुसरे जिवाणू चढाई करतात आणि पाण्याचा पिवळा-हिरवा पू होतो. क्लॅमिडिया नावाचा एक जिवाणूही मांजरांचे डोळे बिघडवतो. तो बहुतेक वेळा एका डोळ्यात सुरू होतो आणि काही दिवसांत दुसऱ्यातही जातो.

हर्पीसबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा विषाणू एकदा शरीरात शिरला की बहुतेक मांजरांत जन्मभर दबा धरून राहतो. मांजर व्याली, दूध पाजू लागली, अंगावर ताण आला की तो पुन्हा जागा होतो. म्हणून आई वरकरणी धडधाकट दिसत असली तरी पिल्लांना तिच्याकडूनच लागण होऊ शकते. आईचा दोष नाही आणि पिल्लांना कुणाची नजरही लागलेली नाही.

थांबायचे की न्यायचे?

पिल्लू चार आठवड्यांहून मोठे आहे, पळते, खेळते, पोटभर खाते आणि डोळ्यांतून फक्त स्वच्छ पाणी येते आहे, तर डोळा पुसून एक दिवस लक्ष ठेवायला हरकत नाही. चोवीस तासांत पाणी थांबले नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

घाण पिवळी, हिरवी किंवा घट्ट असेल, पापण्या पुन्हा पुन्हा चिकटत असतील, डोळ्याच्या आतला भाग लाल होऊन सुजला असेल, तर घरी वाट पाहू नये. आज दवाखाना उघडा असेल तर आज, नाहीतर उद्या सकाळी.

आणि पुढच्यापैकी एकही गोष्ट दिसली तर हातातले काम टाकून निघावे:

१. पापण्या उघडायच्या आधीच मिटलेला डोळा फुगला आहे.

२. बुबुळावर पांढरा, निळसर किंवा धुरकट डाग दिसतो.

३. पिल्लू डोळा उघडतच नाही, उजेड सहन होत नाही, पंजाने चोळते.

४. डोळ्यातून रक्त येते किंवा डोळा बाहेर आल्यासारखा वाटतो.

५. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून पांढरी पातळ त्वचा पुढे आली आहे. ही मांजराची तिसरी पापणी. ती अशी दिसत राहणे हे डोळा दुखत असल्याचे किंवा जनावर आजारी असल्याचे लक्षण आहे.

६. पिल्लाने अर्धा दिवस काही खाल्ले-प्यायले नाही, ते थंड पडले आहे, तोंड उघडून श्वास घेते आहे.

शेवटचा मुद्दा अगदी महत्त्वाचा. मांजर वासावर खाते. नाक चोंदले की वास येत नाही आणि वास आला नाही की ती खात नाही. लहान पिल्लाकडे साठवलेली ताकद नसते, ते काही तासांत ढासळते. पिल्लाचे वजन रोज साधारण दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवे. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एक डबा ठेवून त्यात पिल्लू बसवले तरी हे कळते. वजन वाढायचे थांबले तर डोळ्यांशिवाय आणखीही काही बिघडले आहे, असे समजावे.

एका घरातली चार पिल्ले

गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या सहावीच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी मांजराला चार पिल्ले झाली. सहाव्या दिवशी एका पिल्लाचा मिटलेला डोळा फुगलेला दिसला. मुलीने घरात सांगितले. दादी प्रेमळ बाई. त्यांच्या लहानपणापासून त्यांनी मांजरे वाढताना पाहिलेली. त्या म्हणाल्या, "डोळे अजून उघडायचेत, जरा सुरमा लावू, आपोआप उघडतील." दोन दिवस गेले. तोवर दुसऱ्या पिल्लाच्या डोळ्यातूनही पू येऊ लागला. मुलीचे वडील कामानिमित्त मोटारसायकलवर सेलूला निघाले होते. मुलीने रडून-भांडून पिल्लांचे खोके त्यांच्यापुढे ठेवले.

डॉक्टरांनी कोमट पाण्याने पापण्या भिजवल्या आणि हळूच उघडल्या. आतून पू वाहिला. मलम दिले, दिवसातून चार वेळा लावायला सांगितले. दुसऱ्या पिल्लाचे दोन्ही डोळे वाचले. पहिल्याचा एक डोळा मात्र गेला. बाकीच्या दोघांना काही झाले नाही.

त्या मुलीने मला विचारले, "आपा, दोन दिवस आधी नेले असते तर?" मी तिला खोटा दिलासा दिला नाही. बहुधा वाचला असता, असेच सांगितले. दादींना बोल लावण्याचे कारण नाही. त्यांना जे ठाऊक होते ते त्यांनी केले. पण आता आपल्याला जास्त ठाऊक आहे, तर आपण तसे वागायला हवे.

डोळ्यात काय घालू नये

सुरमा आणि काजळ अजिबात नाही. बाजारातल्या अनेक सुरम्यांत शिसे असते. शिवाय सुजलेल्या डोळ्यात त्याचे कण खुपतात. मांजर दिवसभर अंग चाटते, आई पिल्लांना चाटते, म्हणजे ते शिसे पोटात जाते.

हळदीचे पाणी, मध, गुलाबजल, एरंडेल, लिंबू, बोरिक पावडर हेही नको. काही डोळ्याला चरचरते, काही जंतूंना खाद्य पुरवते आणि या सगळ्यांत दिवस वाया जातो.

सर्वांत मोठा धोका मात्र घरातल्या फ्रीजमध्ये किंवा कपाटात असतो. नानांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, त्या वेळची ड्रॉप्सची बाटली उरलेली असते. अशा थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असे काही लिहिलेले असेल तर ते स्टेरॉइड. डोळा आल्यासारखा दिसतो म्हणून ते थेंब पिल्लाच्या डोळ्यात घातले आणि आत बुबुळावर जखम असेल, तर ती जखम भरून येण्याऐवजी खोल जाते. हर्पीसचा विषाणूही त्याने बळावतो. डोळा फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. लाली मात्र पहिल्या दिवशी कमी झालेली दिसते, त्यामुळे घरच्यांना वाटते की औषध लागू पडले. डोळ्याच्या ड्रॉप्सची फोडलेली बाटली साधारण महिनाभरानंतर माणसासाठीही वापरू नये. ऑपरेशनचे औषध पूर्ण झाले की ती फेकून द्यावी.

आणखी एक गोष्ट डोळ्याची नाही, पण इथेच सांगायला हवी. पिल्लाचे अंग गरम लागते म्हणून त्याला पॅरासिटामॉल देऊ नका. गोळीचा तुकडाही नाही, लहान मुलांचे सिरपही नाही. मांजराचे यकृत हे औषध निकामी करू शकत नाही, त्याचे विष होते. माणसाच्या अर्ध्या गोळीने धडधाकट मोठी मांजरसुद्धा दगावू शकते.

डोळा पुसायचा कसा?

डॉक्टरकडे जाईपर्यंत घरी करण्यासारखे एकच काम आहे, ते म्हणजे डोळा स्वच्छ ठेवणे.

आधी साबणाने हात धुवा. पाणी चांगले उकळून कोमट होऊ द्या. औषध दुकानात मिळणारे साधे सलाईन असेल तर अधिक चांगले. पिल्लाला मऊ टॉवेलमध्ये असे गुंडाळा की फक्त तोंड बाहेर राहील. एकाने धरावे, दुसऱ्याने पुसावे. कापसाचा बोळा किंवा धुतलेल्या सुती कपड्याचा तुकडा पाण्यात भिजवून पिळा आणि मिटलेल्या डोळ्यावर एक-दोन मिनिटे नुसता ठेवा. वाळलेली घाण मऊ होते. मग नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या बाजूला हलकेच पुसा. एक बोळा एकदाच वापरायचा आणि दुसऱ्या डोळ्यासाठी नवा घ्यायचा. चिकटलेले चिपाड नखाने किंवा कोरड्या कपड्याने ओढू नका, पापणीची कातडी सोलते.

दिवसातून तीन-चार वेळा असे पुसावे. मोठ्या पिल्लाच्या पापण्या एवढ्याने उघडल्या आणि आतला डोळा स्वच्छ, चमकदार दिसला तर चांगलेच. उघडल्या नाहीत तर जोर लावू नये.

जायचे कुठे?

फाट्यावर राहणाऱ्या माणसाला रस्त्यांची कमतरता नाही. एकीकडे जिंतूर, एकीकडे सेलू, एकीकडे मंठा. पण "मांजराचा डॉक्टर" कुठे मिळेल, असे विचारले की लोक हसतात. खरे तर गुरांचा आणि मांजरांचा डॉक्टर वेगळा नसतो. जे पशुवैद्यक आपल्या म्हशीला तपासतात, त्यांनी पदवी घेताना कुत्र्या-मांजरांचे उपचारही शिकलेले असतात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पिल्लू नेण्यात संकोच वाटण्याचे काहीही कारण नाही. जाण्याआधी फोन करून डॉक्टर कधी भेटतील ते विचारावे, कारण पुष्कळदा ते गावोगावी लसीकरणाला गेलेले असतात. जनावरांच्या उपचारासाठी शासनाचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. त्याची फिरती पथके मुख्यतः गुराढोरांसाठी असली, तरी जवळ कुणाला दाखवता येईल, एवढी विचारणा करून पाहावी.

डोळ्याचे दुखणे गंभीर असेल तर आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी मोठी सोय आहे. परभणीला १९७२ पासून पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय आहे. पूर्वी ते मराठवाडा कृषी विद्यापीठात होते, आता नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठात आहे. तिथे विद्यार्थी शिकतात म्हणूनच तिथे चिकित्सालयही आहे. परभणीला बाजारहाटाला, कोर्टकचेरीला, मुलांच्या प्रवेशाला आपण जातोच. त्याच फेरीत हेही काम होते. ज्यांचे नातेवाईक मुंबईत आहेत त्यांनी परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय लक्षात ठेवावे.

नेताना बुटाच्या खोक्याला भोके पाडून आत मऊ कपडा अंथरा. पिल्लू दूध पीत असेल आणि आई सोबत येत असेल तर तिलाही न्या. उन्हाळ्यात सकाळच्या गाडीने निघा. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात आजारी पिल्लू खोक्यातच कोमेजते. घरी दिसलेल्या घाणीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण पुसल्यावर डॉक्टरांना ती दिसत नाही. कधीपासून, किती पिल्लांना, शिंका येतात का, खाते का, एवढे सांगता आले तरी डॉक्टरांचे निम्मे काम होते.

डॉक्टर काय करतात?

बुबुळावर जखम आहे की नाही हे पाहण्यासाठी ते डोळ्यात नारिंगी रंगाचा थेंब टाकतात. जखम असेल त्या जागी तो हिरवा चमकतो. औषध कोणते द्यायचे आणि कोणते टाळायचे, हे त्यावरून ठरते. बहुतेक वेळा प्रतिजैविक मलम किंवा थेंब देतात. क्लॅमिडियाचा संशय असेल तर पोटातून औषध देतात, कारण त्यावर नुसते मलम पुरत नाही.

मलम लावताना खालची पापणी बोटाने किंचित खाली ओढा आणि आतल्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढे मलम सोडा. ट्यूबचे टोक डोळ्याला लागू देऊ नका. मग पापणी मिटवून क्षणभर धरा. दिवसातून तीन-चार वेळा सांगितले असेल तर तेवढ्या वेळा लावायलाच हवे. फजर, जोहर, असर, इशा अशा नमाजांच्या वेळेला जोडून घेतले की विसर पडत नाही. डोळा दोन दिवसांत बरा दिसला तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. दोन-तीन दिवसांत काहीच फरक पडला नाही तर पुन्हा दाखवा.

उपचार वेळेवर झाले नाहीत तर सुजलेली आतली त्वचा बुबुळाला चिकटून जाते आणि नजर कायमची अधू होते. काही वेळा डोळा काढावाही लागतो. एका डोळ्याचे मांजर घरात सुखाने जगते, हे खरे. पण मलमाच्या एका ट्यूबने जे टळले असते, ते त्याने का सोसावे?

बाकीची पिल्ले आणि आपली मुले

एकाला झाले की बाकीच्यांचे डोळे रोज सकाळी पाहा. आजारी पिल्लू दूध तोडलेले असेल तर त्याचे खोके, वाटी, कपडा वेगळा ठेवा. आईचे दूध पीत असेल तर आईपासून तोडू नका, तिची ऊब आणि दूध हेही औषधच आहे. अंथरलेला कपडा रोज गरम पाण्यात धुवा. नाक चोंदलेल्या मोठ्या पिल्लाला बिनकांद्याची, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी किंचित कोमट करून द्या, वास आला की ते खाते. कांदा-लसणाचे सालन मांजराला घातक असते.

मांजराचा हर्पीस आणि कॅलिसी विषाणू माणसाला होत नाही. क्लॅमिडियामुळे माणसाचे डोळे आल्याची उदाहरणे आहेत, पण क्वचित. पिल्लाला हाताळल्यावर हात साबणाने धुणे आणि ते हात आपल्या डोळ्यांना न लावणे, एवढी काळजी पुरते. आजारी पिल्लू धरताना मांजर चावली किंवा रक्त निघेल असे ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा. मुले ओरडा बसेल म्हणून ओरखडे लपवतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की, यासाठी कुणी रागावणार नाही.

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की मांजरांच्या सर्दीविरुद्धची लस सुरू करता येते. दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस देत सोळाव्या आठवड्यापर्यंत ती पूर्ण करतात. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस. लसीने आजार पूर्णपणे टळेलच असे नाही, पण तो सौम्य होतो आणि डोळे वाचतात.

"मांजराला कसला दवाखाना?"

हे वाक्य मी पुष्कळ घरांत ऐकले आहे. बोलणारा निर्दय नसतो. सोयाबीनला भाव नाही, मुलीच्या कॉलेजची फी भरायची आहे, अम्मींच्या शुगरच्या गोळ्या आहेत, त्यात मांजराचा खर्च कुठून आणायचा, असे त्याला वाटते. त्याचे खरे आहे. पण हिशेब करून पाहा. सरकारी दवाखान्याचा केसपेपर आणि एक मलम यांचा खर्च बहुतेक वेळा मोबाईलच्या एका रिचार्जहून जास्त होत नाही. जास्त लागतो तो वेळ, आणि तो वेळेवर द्यावा लागतो.

बुखारी आणि मुस्लिममधली एक हदीस आपण मुलांना शिकवतो. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवली, तिला खाऊ घातले नाही आणि स्वतः शोधून खायला सोडलेही नाही. त्यासाठी ती शिक्षेस पात्र ठरली. लहानपणी ही गोष्ट ऐकताना आपल्याला त्या बाईचा राग येतो. मोठेपणी मला त्यातली "कोंडून ठेवली" ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मांजर तिच्या ताब्यात होती, म्हणून जबाबदारी तिची होती. आपल्या घरातल्या खोक्यात ठेवलेली, दाराला कडी लावून कुत्र्यांपासून जपलेली पिल्लेही आपल्याच ताब्यात असतात. मिटल्या डोळ्यांचे पिल्लू स्वतः उठून कुठे जाऊ शकत नाही.

म्हणून दोन सोप्या गोष्टी सुचवते. घरात पिल्ले असतील तर रोज सकाळी त्यांचे डोळे पाहण्याचे काम घरातल्या एका मुलावर किंवा मुलीवर सोपवा. आणि मूल "डोळा फुगलाय" म्हणाले तर त्याला उडवून न लावता उठून स्वतः पाहा. दुसरी गोष्ट, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन नंबर आजच विचारून घ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पिल्लू आजारी पडते ते बहुधा रविवारी नाहीतर ईदच्या आदल्या दिवशी, आणि त्या वेळी नंबर शोधत बसायला कुणाला सवड नसते.